लहान मुलांची स्क्रीन: मिनिटे मोजण्याआधी तिच्याकडे सोपवलेली कामे तपासा

सहा वर्षांखालील मूल असलेल्या घरात स्क्रीनचा विषय निघाला की पहिला प्रश्न बहुधा 'दिवसाला किती वेळ चालेल' असाच असतो. त्याचे उत्तर उपलब्ध आहे आणि ते फारसे वादग्रस्तही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार दुसरा वाढदिवस होईपर्यंत मुलाला स्क्रीनपुढे बसवू नये, आणि दोन ते चार वर्षे या वयात दिवसभरात मिळून एका तासापेक्षा जास्त वेळ देऊ नये, त्याहून कमी असेल तर अधिक चांगले. इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही भारतातील बालरोगतज्ज्ञांची संघटनाही जवळपास हेच सांगते: दोन वर्षांखाली नातेवाइकांशी होणाऱ्या व्हिडिओ कॉलचा अपवाद वगळता स्क्रीन नको, दोन ते पाच या वयात जास्तीत जास्त एक तास आणि पाच ते दहा या वयात दोन तासांच्या आत.

हे आकडे बहुतेक पालकांनी कुठे ना कुठे वाचलेले असतात, तरीही ते घरात टिकत नाहीत, आणि त्याचे कारण पालकांचा निष्काळजीपणा हे क्वचितच असते. अनेक घरांमध्ये मोबाइल ही करमणूक राहिलेली नसून तो कामाला लावलेला असतो. तो मुलाला जेवू घालतो, रडे थांबवतो, झोपवतो, आणि मोठ्यांना अर्धा तास मोकळा करून देतो. यांपैकी कोणते काम कोण करणार हे न ठरवता 'आजपासून फक्त एक तास' असे जाहीर केले, तर ती सर्व कामे त्याच संध्याकाळी एकदम अंगावर येतात आणि दोन दिवसांत नियम मोडतो. म्हणून या लेखातील पद्धत मिनिटांपासून सुरू न होता कामांपासून सुरू होते.

आधी चार दिवसांची नोंद

फ्रिजवर एक कागद लावावा आणि चार दिवस, त्यात एक सुट्टीचा दिवस धरून, तीन रकाने भरावेत: स्क्रीन कोणत्या प्रसंगी सुरू झाली, ती कोणी दिली, आणि देणाऱ्याला त्या क्षणी काय हवे होते. या काळात घरातील कोणतीही सवय बदलू नये आणि कोणालाही टोकू नये, कारण टोकले की नोंद खरी राहत नाही. तिसरा रकाना सर्वांत उपयोगी ठरतो. 'वरणभात संपवायचा होता', 'ऑफिसचा कॉल आला', 'कुकर लावायचा होता', 'आजीचे गुडघे दुखत होते', 'पाहुण्यांसमोर रडू नये म्हणून' अशी कारणे कागदावर उतरली की प्रश्नाचा खरा आकार दिसू लागतो. कोणी पाहत नसताना नुसता चालू असलेला टीव्हीही या नोंदीत यायला हवा.

नंतर या कारणांचे दोन गट करावेत. जेवणे, रडून शांत होणे आणि झोपी जाणे या तिन्ही गोष्टी मूल या वयात स्वतः शिकत असते, आणि त्या शिकण्याच्या वेळी समोर स्क्रीन असेल तर शिकणे लांबते. त्यामुळे ही तीन कामे स्क्रीनकडून पूर्णपणे काढून घ्यावीत. मोठ्यांना अर्धा तास मोकळा करून देणे हे चौथे काम मात्र वेगळ्या जातीचे आहे. दोन वर्षांवरील मुलाच्या बाबतीत ते काम स्क्रीनला द्यायला माझी हरकत नाही, उलट एका तासाची जी मुभा आहे ती बहुतांशी यासाठीच वापरावी. स्वयंपाक, नोकरी आणि मूल एकाच वेळी सांभाळणाऱ्या माणसाला 'त्या वेळी मुलाशी खेळा' असा सल्ला देण्यात काही अर्थ नसतो.

मूल दोन वर्षांखालील असेल तर तिन्ही कामे एकाच दिवशी बंद केलेली बरी, कारण या वयात सवय लवकर मोडते आणि हळूहळू कमी करण्याचा गोंधळच जास्त होतो. मोठ्या मुलाच्या बाबतीत आधी झोपेच्या वेळची स्क्रीन काढावी, त्या बदलाचा आठवडाभरात जम बसल्यावर रडे थांबवण्यासाठी दिली जाणारी, आणि जेवणाची सर्वांत शेवटी. झोप सुधारली की दिवसाची चिडचिड कमी होते आणि पुढचे दोन टप्पे सोपे जातात. ताप, दातांचा त्रास, नवे पाळणाघर, प्रवास किंवा घरात नवे बाळ आलेले असताना यातले काहीही सुरू करू नये.

झोप आणि संध्याकाळचा टीव्ही

एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून दिवसाला ११ ते १४ तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच सूचनांत म्हटले आहे. सकाळी सात वाजता उठून बालवाडीला जाणाऱ्या आणि दुपारी न झोपणाऱ्या मुलाने त्या हिशेबाने रात्री नऊच्या आत झोपायला हवे. आपल्याकडे मालिकांची मुख्य वेळ संध्याकाळी सात ते दहा अशी असल्याने खरी अडचण इथेच सुरू होते. रात्रीच्या प्रखर उजेडाने झोप आणणारे मेलाटोनिन उशिरा स्रवू लागते आणि लहान मुलांवर हा परिणाम मोठ्यांपेक्षा जास्त होतो. शिवाय मालिकेतील आरडाओरडा, दचकवणारे पार्श्वसंगीत आणि भांडणे ऐकत झोपायला गेलेले मूल अंथरुणात तासभर तळमळते ते वेगळेच.

झोपण्याच्या एक तास आधी मुलाच्या खोलीत आणि शक्य असल्यास त्याच्या कानांवर पडेल अशा अंतरावर कोणतीही स्क्रीन चालू नसावी. त्या तासाचा क्रम रोज सारखा ठेवावा: जेवण, हातपाय धुणे, कपडे बदलणे, दिवा मंद करणे, गोष्ट, झोप. मोबाइलवर झोपण्याची सवय असलेले मूल पहिल्या तीन-चार रात्री रडेल आणि नेहमीपेक्षा उशिरा झोपेल. त्या रात्री त्याच्याजवळ पडून राहावे, पाठीवर हात फिरवावा, हळू आवाजात तीच गोष्ट पुन्हा सांगावी, पण मोबाइल परत आणू नये, कारण तासभर रडल्यावर तो मिळाला तर मूल तासभर रडायला शिकते.

मुलाचे लक्ष नसताना चालू असलेल्या टीव्हीबद्दल 'तो कुठे पाहतोय' असे म्हणून सोडून देण्याची पद्धत आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एक ते तीन वर्षांच्या मुलांना खेळणी देऊन बसवले होते आणि अर्धा वेळ मागे मोठ्यांचा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम लावला होता. मुले टीव्हीकडे एका वेळी काही क्षणच पाहत होती, तरीही टीव्ही चालू असताना त्यांचा एकेक खेळ लवकर तुटत होता आणि एका खेळण्यावर मन रमण्याचा कालावधी कमी होत होता. टीव्ही चालू असताना घरातील मोठी माणसे मुलाशी कमी बोलतात, असेही अभ्यासांत आढळले आहे. म्हणून 'कोणी पाहत नसेल तर टीव्ही बंद' हा एकच नियम संपूर्ण घरासाठी करावा, आणि तो मुलाच्या नावाने न करता सर्वांच्या नावाने करावा.

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याचा प्रघात पाडला. तो शाळकरी मुलांच्या अभ्यासासाठी होता, पण त्यातले एक सूत्र लहान मुलांच्या घरालाही लागू पडते: बंद सर्वांचा होता आणि त्याची वेळ रोज तीच होती. एकट्या मुलासाठी केलेला बंद त्याला शिक्षेसारखा वाटतो.

जेवण

नोंदीच्या कागदावर बहुतेक घरांत सर्वाधिक वेळा येणारा शब्द 'जेवण' हाच असतो, म्हणून इथे थोडे थांबायला हवे. जेवताना मोबाइल देण्याची सवय साधारणपणे पहिल्या वाढदिवसाच्या आसपास लागते आणि त्यामागे शरीराचा एक साधा हिशेब असतो, जो पालकांना कोणी समजावून सांगत नाही. जन्माच्या वेळी तीन किलो असलेले बाळ वर्षभरात साधारण नऊ किलोचे होते, म्हणजे वजन तिप्पट होते. पुढच्या पूर्ण वर्षात ते जेमतेम दोन ते अडीच किलोच वाढते. वाढीचा वेग मंदावला की भूकही त्या मानाने कमी होते, आणि त्याच वेळी मूल चालू लागलेले असल्याने त्याला ताटापेक्षा इतर शंभर गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. घरच्यांना मात्र 'हल्ली हा काहीच खात नाही' असे दिसते, आजी काळजीत पडते, आणि मोबाइल दाखवला की वाटीभर मऊ भात निमूटपणे पोटात जातो. हा उपाय लागू पडतो म्हणूनच तो सोडणे अवघड जाते.

तो का सोडायचा, हेही स्पष्ट असले पाहिजे. स्क्रीनकडे पाहत जेवणाऱ्या मुलाला भूक कधी भागली हे कळत नाही, त्यामुळे काही मुले गरजेपेक्षा जास्त खातात, तर काही मुले घास तोंडात धरून ठेवतात, नीट चावत नाहीत आणि तासभर बसतात. पदार्थाचा रंग, वास, स्पर्श यांच्याकडे लक्ष नसल्याने नव्या चवी स्वीकारण्याचे शिक्षण थांबते आणि तीन वर्षांचे मूलही मिक्सरमधून काढलेले अन्नच मागते. शिवाय जेवणाची वेळ ही घरात सर्वाधिक बोलणे होण्याची वेळ असते, तीही जाते.

बदल करताना पहिले काम ताटाशी नसून मधल्या वेळेशी असते. जेवणाआधी दोन ते अडीच तास दूध, बिस्किट, फरसाण, रस यांपैकी काहीही देऊ नये, पाणी मात्र द्यावे. दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध पिणाऱ्या मुलाला जेवणाची भूक लागत नाही, हे अनेक घरांत लक्षातच येत नाही. भूक घेऊन आलेल्या मुलाला घरातील किमान एक मोठे माणूस स्वतः जेवत असताना शेजारी बसवावे, मग ते पाटावर असो वा टेबलाशी. वेगळे भरवायला बसणे शक्यतो टाळावे, कारण समोरचा माणूस जेवतो आहे हे पाहून मूल जेवायला शिकते. ताटात थोडेच वाढावे: चार घास वरणभात, भाकरीचा किंवा थालीपीठाचा हातात धरता येईल असा तुकडा, शिजवलेल्या गाजराचे काप. वर्षाच्या पुढचे मूल स्वतःच्या हाताने खाऊ शकते आणि खाताना निम्मे सांडते, त्यामुळे खाली जुने वर्तमानपत्र पसरून तो विषय संपवावा.

अमेरिकेतील आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली एक वाटणी इथे फार उपयोगी पडते. काय, कधी आणि कुठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवायचे. खायचे की नाही आणि किती, हे मुलाने ठरवायचे. याचा अर्थ असा की वीस ते तीस मिनिटांनी ताट उचलावे, न रागावता आणि 'एवढेच खाल्लेस?' असे न विचारता, आणि पुढचे खाणे पुढच्या ठरलेल्या वेळीच द्यावे. वाटी घेऊन मुलाच्या मागे जिन्यापर्यंत धावणे आणि मोबाइल दाखवून भरवणे ही दोन्ही एकाच समजुतीची रूपे आहेत, ती म्हणजे मुलाची भूक मोठ्यांना मुलापेक्षा जास्त कळते. काऊचा घास, चिऊचा घास ही आपली जुनी रीत मात्र यात बसते, कारण तिच्यात भरवणारा मुलाच्या डोळ्यांत पाहत असतो आणि मुलाला 'नको' म्हणायला वाव असतो.

पहिला आठवडा अवघड जातो, हे घरातील सर्वांना आधीच सांगून ठेवावे. मूल दोन-तीन दिवस नेहमीच्या निम्मेच खाईल आणि मोबाइल मागेल. निरोगी मूल ही तूट पुढच्या काही दिवसांत आपोआप भरून काढते. मात्र मुलाचे वजन वयाच्या मानाने कमी असेल, वजनवाढीचा आलेख सपाट झालेला असेल, मूल फिकट दिसत असेल किंवा गिळताना ठसकत असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवून मगच ही पद्धत सुरू करावी. गावात राहणाऱ्या पालकांना अंगणवाडीतील वजनाच्या नोंदी यासाठी सहज मिळू शकतात.

रडणे

रडणाऱ्या मुलाच्या हातात मोबाइल दिला की रडे थांबते, पण राग कसा ओसरतो हे त्याला कळत नाही. ज्या मुलांना शांत करण्यासाठी वारंवार उपकरण दिले जाते त्यांच्यात पुढे चिडचिड आणि भावनांचे चढउतार जास्त दिसतात, असा संबंध तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या एका अमेरिकी अभ्यासात आढळला आहे, आणि तो मुळातच चंचल असलेल्या मुलांमध्ये अधिक होता. नेमका याच मुलांना मोबाइल सर्वांत जास्त दिला जातो, हे सांगायला नकोच.

रडे आले की आधी भूक, झोप, उकाडा, ओला लंगोट ही कारणे पाहावीत. ती नसतील तर मुलाच्या उंचीवर खाली बसावे, 'तुला अजून खेळायचं होतं, म्हणून राग आला' इतके एक वाक्य बोलावे आणि गप्प राहून जवळ थांबावे. समजावण्याचे भाषण त्या वेळी ऐकू जात नाही. पाणी, गॅलरीतली हवा, कडेवर घेऊन एक फेरी, एवढे बहुधा पुरते.

दवाखान्यात इंजेक्शन किंवा रक्ताचा नमुना देताना, नेब्युलायझरचा मास्क दहा मिनिटे तोंडावर ठेवायचा असताना, किंवा उन्हाळ्यात एसटी घाटात तासभर अडकली असताना मोबाइल दाखवण्यात काहीही गैर नाही. ते दिवस रोज येत नाहीत, आणि जो उपाय रोज वापरला नाही तोच त्या दिवशी चालतो.

उरलेला एक तास: काय आणि कसे दाखवावे

शक्य असेल तिथे मोबाइलऐवजी टीव्ही वापरावा. टीव्ही लांब असतो, तो मुलाच्या हातात नसतो, त्यावर काय चालू आहे ते स्वयंपाकघरातूनही ऐकू येते आणि बोटाच्या एका फटकाऱ्याने पुढचे चित्र येत नाही. मोबाइलवरील मिनिटभराचे उभे व्हिडिओ मात्र या वयात पूर्णपणे वर्ज्य मानावेत. त्यांना शेवट नसतो, आणि शेवट नसलेली गोष्ट बंद करणे मोठ्यांनाही जमत नाही.

कार्यक्रम निवडताना त्याचा वेग पाहावा. अमेरिकेतील २०११ च्या एका प्रयोगात चार वर्षांच्या मुलांनी नऊ मिनिटे भरधाव वेगाचे कार्टून पाहिल्यानंतर त्यांची लक्ष देण्याची आणि स्वतःला आवरण्याची कामगिरी चित्र काढत बसलेल्या मुलांपेक्षा लगेचच कमी भरली होती. पालकांना हा वेग घरीच तपासता येतो: एका दृश्यावर पाच-सहा सेकंदही कॅमेरा थांबत नसेल आणि पात्रे सतत किंचाळत असतील, तर तो कार्यक्रम या वयासाठी नाही. एक साधी गोष्ट, थोडी पात्रे, शांत आवाज आणि दहा-पंधरा मिनिटांत येणारा शेवट असे काही निवडावे. तोच भाग मुलाने दहा वेळा मागितला तरी हरकत नसावी, कारण लहान मुले पुनरावृत्तीतूनच शिकतात.

इंग्रजी यावे म्हणून वर्षाच्या मुलाला गाणी लावून देणाऱ्या पालकांची संख्या मोठी आहे. अमेरिकेतील संशोधक पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना बारा बैठकांतून मँडरिन चिनी भाषा ऐकवली होती. समोर बसून बोलणाऱ्या माणसाकडून ऐकलेल्या बाळांना त्या भाषेतील ध्वनी ओळखता आले, पण त्याच माणसांचे व्हिडिओ पाहिलेल्या बाळांना काहीच आले नाही. रंगांची इंग्रजी नावे घडाघडा म्हणणारे आणि तहान लागल्यावर मात्र नुसते बोट दाखवून रडणारे अडीच वर्षांचे मूल आज अनेक बालवाड्यांत भेटते. भाषा यायची असेल तर कोणीतरी उत्तर द्यावे लागते. म्हणून मुलासोबत बसून पाहणे शक्य असेल तेव्हा मधेमधे 'आता ससा कुठे लपला?' असे विचारावे, आणि बसणे शक्य नसेल तर नंतर कणीक मळताना त्याच गोष्टीबद्दल दोन वाक्ये बोलावीत.

व्हिडिओ कॉल याच कारणामुळे वेगळा धरला जातो. त्यात समोरचे माणूस मुलाच्या बोलण्याला उत्तर देते. दोन ते अडीच वर्षांची मुले थेट व्हिडिओ संभाषणातून नवी क्रियापदे शिकली, पण आधी चित्रित करून ठेवलेल्या व्हिडिओतून शिकली नाहीत, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले होते. पुण्यात किंवा रत्नागिरीत असलेले आजी-आजोबा आणि लंडनमध्ये वाढणारे नातवंड यांच्यासाठी ही मोठी सोय आहे. कॉल रोज एकाच वेळी, दहा-पंधरा मिनिटांचा असावा आणि मुलाशेजारी मोठे कोणी बसलेले असावे. 'जेवलास का, शाळेत काय केलंस' या प्रश्नांवर लहान मुले गप्प बसतात. आजीने हातातली कैरी दाखवावी, आजोबांनी पुस्तकाचे पान कॅमेऱ्यासमोर धरून वाचावे, मुलाने आपला मोडका ट्रक दाखवावा, म्हणजे बोलणे आपोआप वाढते.

बंद करताना

'दोन मिनिटं राहिली हं' अशी पूर्वसूचना द्यावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या २०१६ च्या एका अभ्यासात एक ते पाच वर्षांच्या मुलांच्या घरांतील नोंदी तपासल्या तेव्हा अशा सूचनेने कटकट वाढलेली दिसली. स्क्रीन दिवसाच्या ठरलेल्या क्रमाचा भाग असेल किंवा कार्यक्रम आपणहून संपला असेल, तेव्हा मुले अधिक सहज उठत होती. हे पटण्यासारखे आहे, कारण लहान मुलाला 'दोन मिनिटे' म्हणजे किती हे माहीत नसते, 'गोष्ट संपली' हे मात्र कळते.

म्हणून वेळ मिनिटांत न सांगता भागांत सांगावी: 'आज दोन गोष्टी'. त्या दोनच गोष्टी आधी डाउनलोड करून ठेवाव्यात, इंटरनेट बंद करावे आणि पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय बंद ठेवावी. स्क्रीननंतर लगेच काय होणार हे रोज ठरलेले असावे, आणि ते मुलाला आवडणारे असावे, उदाहरणार्थ खाली सोसायटीच्या अंगणात जाणे. 'अजून एकच' ही मागणी पहिल्या आठवड्यात रोज येईल आणि तिला रोज तेच उत्तर मिळाले तर पुढे विरळ होईल. आज पाहुणे आहेत म्हणून तिसरी गोष्ट लावून दिली, तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते.

मोबाइलच्या सेटिंगमधील काही सोयी करून ठेवाव्यात. यूट्यूब किड्समध्ये शोध बंद करता येतो, टायमर लावता येतो आणि पालकांनी निवडलेलेच व्हिडिओ दिसतील अशी मांडणी करता येते. आयफोनमध्ये 'गाइडेड ॲक्सेस' आणि अँड्रॉइडमध्ये 'ॲप पिनिंग' वापरून एकच ॲप उघडे ठेवता येते. पिन मुलासमोर टाकू नये, कारण चार वर्षांचे मूल तो पाहून लक्षात ठेवते. यापलीकडे सेटिंगवर फार विसंबू नये.

आजी, आजोबा आणि पाळणाघर

आईवडील दोघेही नोकरीला असलेल्या घरात दिवसाचे आठ-नऊ तास मूल आजी-आजोबांकडे किंवा पाळणाघरात असते, आणि नियम करणारे संध्याकाळी सातला घरी येतात. अशा वेळी 'आई, तुम्ही याला मोबाइल देऊ नका' हे वाक्य सुनेने बोलले तर ते उपदेश म्हणून ऐकले जाते. हा विषय बाबांनी आपल्या आईवडिलांशी आणि आईने आपल्या आईवडिलांशी बोलावा. बोलतानाही सुरुवात मनाईने न करता कामापासून करावी: 'आई, तुला दुपारी किती वाजता पाठ टेकायची असते?' त्या वेळी मुलासाठी दोन गोष्टी लावून देणे हा त्यांचा हक्काचा भाग ठरवून टाकावा आणि दिवसाच्या तासाचा मोठा हिस्सा तिथेच खर्ची घालावा. आईवडिलांनी मग संध्याकाळी स्वतःसाठी वेगळा तास मागू नये.

उरलेल्या वेळेसाठी वयस्कर माणसाला बसल्या जागी करता येईल असे काहीतरी हाताशी ठेवावे. स्टीलच्या वाट्या-चमच्यांची टोपली, भातुकली, कोथिंबीर निवडणे, लसणाच्या पाकळ्या मोकळ्या करणे, धुतलेले रुमाल घडी घालणे यांत तीन-चार वर्षांचे मूल अर्धा तास सहज रमते. मटार किंवा शेंगदाणे मात्र चार वर्षांखालील मुलाच्या हाताशी एकटे ठेवू नयेत, ते श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. पाळणाघर निवडताना तिथे टीव्ही आहे का हे विचारण्यापेक्षा तो कोणत्या वेळी आणि किती वेळ लावतात हे विचारावे आणि एखाद्या दिवशी न सांगता दुपारी जाऊन पाहावे.

घरातील मोठ्यांच्या मोबाइलसाठी दाराजवळ एक फळी ठरवावी आणि जेवणाच्या व झोपवण्याच्या वेळी सर्वांचे फोन, आजोबांचाही, तिथे राहावेत. ताटाशेजारी व्हॉट्सॲप वाचणाऱ्या बाबांकडून शिकलेली गोष्ट मूल बाबांच्या सांगण्यावरून विसरत नाही.

डोळे आणि मोकळी हवा

लहान वयात लागणाऱ्या लांबच्या चष्म्यासाठी, म्हणजे मायोपियासाठी, दिवसाच्या उजेडात घालवलेला वेळ हे चांगले संरक्षण मानले जाते. चीनमधील ग्वांगझू येथे सहा-सात वर्षांच्या मुलांना तीन वर्षे शाळेत रोज चाळीस मिनिटे जास्त बाहेर नेले, तेव्हा त्यांच्यात नव्याने मायोपिया होण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्के, तर न नेलेल्या मुलांत जवळपास ४० टक्के होते. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना दिवसाला १२० मिनिटे बाहेर ठेवण्याचा कार्यक्रम हाती घेतला. आपल्याकडे मार्च ते मे दुपारी बाहेर काढणे शक्य नसते, म्हणून सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी पाचनंतर मिळून दोन तास साधावेत. पावसाळ्यात व्हरांडा, जिना, देवळाचा सभामंडप चालतो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

जास्त स्क्रीन पाहिल्याने मुलात ऑटिझमसारखी (स्वमग्नतेसारखी) लक्षणे दिसतात, या अर्थाने हल्ली 'व्हर्च्युअल ऑटिझम' हा शब्द खूप ऐकू येतो. वैद्यकीय वर्गीकरणात असे कोणतेही निदान नाही. जास्त स्क्रीन पाहणाऱ्या मुलाचे बोलणे मागे पडू शकते आणि स्क्रीन काढल्यावर काही मुलांमध्ये सुधारणाही दिसते, पण त्यावरून 'मोबाइल बंद करू, सहा महिने वाट पाहू' असा निर्णय घरीच घेणे धोक्याचे आहे, कारण खरोखर ऑटिझम किंवा ऐकू न येण्याची अडचण असेल तर तेच सहा महिने उपचारासाठी सर्वांत मोलाचे असतात. वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल किंवा बोटाने काही दाखवत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द बोलत नसेल, दोन वर्षांचे होऊनही 'पाणी दे', 'बाबा आला' अशी दोन शब्दांची जोडणी करत नसेल, किंवा आधी येत असलेले शब्द गेले असतील, तर स्क्रीन बंद करावीच आणि त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांनाही दाखवावे. श्रवण तपासणी सांगितली तर 'टाळी वाजवल्यावर बघतो की' असे म्हणून ती टाळू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीत येणारे पथक अशा मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवू शकते आणि तिथली तपासणी मोफत असते. जाताना चार दिवसांच्या नोंदीचा कागद आणि मूल घरी खेळत असतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ सोबत न्यावा. दवाखान्यात बुजलेले मूल जे दाखवत नाही ते डॉक्टरांना त्यात दिसते.